रोबोटला भूक लागते का?

मागच्या दिवाळीत पारोळ्याला आमच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी असं सगळं पोटभर झाल्यावर कुणीतरी लहानपणी दूरदर्शनवर बघितलेल्या विज्ञानकथा मालिकांचा विषय काढला, आधी जायंट रोबोट, मग स्पेस सिटी सिग्मा, मग स्ट्रीट हॉकची मोटरसायकल, मग स्टार ट्रेकमधला तो टोकदार कानांचा माणूस, असा तासभर नुसता कल्ला. आणि तिथंच भांडण लागलं. एक गट म्हणे काय दिवस होते राव, आता सगळा कचरा, आजच्या पोरांना त्याची किंमत कळणार नाही. दुसऱ्या गटात आमच्यातलेच दोघं-तिघं पुण्याला आयटीत असलेले आणि सोबत आलेली कॉलेजची पोरं, त्यांचं म्हणणं की ते सगळं पुठ्ठ्याचं होतं, इंग्रजीची नक्कल होती, तुम्हाला मालिका नाही आठवत, तुमचं लहानपण आठवतंय. दोन्हीकडून आवाज चढले पण मुद्दा जागचा हलला नाही. असंच भांडण मी लग्नकार्यात ऐकलंय, एसटीत ऐकलंय, दरवेळी ते ह्याच दोन वाक्यांपाशी येऊन अडकतं.

माझं म्हणणं सरळ आहे. त्या मालिका किती भारी होत्या हा प्रश्न बाजूला ठेवा, तो दुय्यम आहे. त्या काळात एक सरकारी चॅनल आपल्या पोरांशी उद्याच्या जगाबद्दल बोलत होतं, फुकटात बोलत होतं, त्यातलं बरंचसं त्यांना समजेल अशा भाषेत बोलत होतं, आणि गाव ते एकत्र बसून बघत होतं. आज ते होत नाही. म्हणून त्या मालिकांची आठवण प्रेमाने काढावी, मोठ्याने काढावी, आणि तिच्या जोरावर ते पुन्हा मागावं. नुसतं हळहळून ती वाया घालवू नये.

आमच्या गावात तेव्हा टीव्ही मोजून दोन-तीन. आबांकडे ब्लॅक अँड व्हाईट पोर्टेबल होता, बारा व्होल्टवर चालणारा, लाईट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून जोडायचे आणि एक पोरगा घराच्या धाब्यावर, म्हणजे छतावर, उभा राहून अँटिना फिरवायचा, खालून ओरडायचं आलं का, नाही अजून मुंग्याच आहेत, फिरव फिरव, हां बस, हलू नको. जायंट रोबोट ही जपानची मालिका, १९६७ ची, सव्वीस भागांची, आपल्याकडे ऐंशीच्या दशकात आली. एक शाळकरी पोरगा मनगटावरच्या घड्याळात बोलतो आणि तो डोंगराएवढा लोखंडी रोबोट त्याचं ऐकतो. पुढचे कित्येक महिने आमच्या गल्लीतलं प्रत्येक पोरगं स्वतःच्या रिकाम्या मनगटाशी बोलत होतं. माझी मोठी माय ओट्यावर वाती वळत बसलेली असायची, तिला अक्षरओळख नव्हती, इंग्रजीचा तर प्रश्नच नाही. तिने एकदा बराच वेळ बघून विचारलं, "या लोखंडना मानूसले भूक लागस का नही रे?" आम्ही म्हटलं नाही लागत. मग थोड्या वेळाने, "याना मायबाप कोठे शेतस?" म्हणजे याचे मायबाप कुठे आहेत. आम्ही हसलो तेव्हा. आज वाटतं की त्या ओट्यावर सगळ्यात नेमका प्रश्न तिनेच विचारला होता. आज अख्खं जग एआयबद्दल हेच विचारतंय की हे जे यंत्र आहे त्याला काय हवंय, आणि त्याने उद्या काही वाकडं केलं तर त्याचे मायबाप कोण, जबाबदार कोणाला धरायचं. पारोळा तालुक्यातली एक निरक्षर म्हातारी चाळीस वर्षांपूर्वी तिथपर्यंत पोचली ते एका पुठ्ठ्याच्या मालिकेमुळे. चांगली विज्ञानकथा आणखी काय करते?

आता समोरच्यांचे मुद्दे घेऊ, कारण ते बिनबुडाचे नाहीत. पहिला, नकलेचा. खरं आहे. स्पेस सिटी सिग्मा, १९८९ च्या आसपासची, त्यातला कॅप्टन तारा आणि तो खलनायक झखाकू आम्हाला कितीही प्रिय असले तरी त्यामागे स्टार ट्रेकचा साचा होता, हे आंधळ्यालाही दिसेल, आणि सेट गरीब होते. पण गरिबीने विज्ञानकथा मरते हे कुणी सांगितलं? स्टार ट्रेक १९६६ साली अमेरिकेत सुरू झाली तेव्हा दर आठवड्याला नव्या ग्रहावर एवढं मोठं यान उतरवून दाखवायचं तर पैसे पुरणार नव्हते, म्हणून माणसं विरघळून खाली प्रकट होतात ती युक्ती काढली, आणि तीच पुढे त्या मालिकेची ओळख झाली. इंग्लंडची डॉक्टर हू, १९६३ ची, तिच्यातलं कालयान कायम निळ्या पोलीस-खोक्याच्या रूपात अडकलेलं आहे, कारण दरवेळी नवं रूप बनवायला बजेट नव्हतं. आणि लांब कशाला जायचं, शेजारी मालेगाव आहे. तिथल्या यंत्रमागावरच्या माणसांनी बैलगाडीची क्रेन आणि सायकलची ट्रॉली करून स्वतःचा सुपरमॅन उडवला, २००८ साली त्यावर माहितीपट निघाला आणि तो देशोदेशी बघितला गेला. पुठ्ठा दिसतो म्हणून हसायचं असेल तर आधी ह्या सगळ्यांना हसा. आणि नक्कल म्हणाल तर जगात सगळ्यांची सुरुवात नकलेनेच होते, नाटक घ्या नाहीतर क्रिकेट घ्या. दोष नकलेचा नाहीच, नकलेनंतरची पायरी आपण चढलो नाही ह्याचा आहे. १९८९ ला नक्कल केली, १९९८ ला कॅप्टन व्योम आली, मिलिंद सोमण, अंतराळातल्या तुरुंगातून पळालेले कैदी, दिसायला बरीच सुधारलेली, आणि मग? चढता जिना मध्येच सोडून दिला.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे, तो माझ्या भाच्याने मांडला. म्हणाला मामा, एकच चॅनल होतं, दुसरं काही नव्हतंच, मग आवडलं म्हणण्यात अर्थ काय, जेलमधल्या माणसालाही डाळ गोडच लागणार. मी ह्यावर बरेच दिवस विचार केला. एकच चॅनल होतं हे खरं, म्हणून तर आम्ही बातम्या पण बघितल्या, शेतीचे कार्यक्रम पण बघितले, रविवारचा सिनेमा पण बघितला. पण आम्ही खेळलो काय? बातम्या बातम्या कुणी खेळलं नाही. पोरं जे खेळतात ते त्यांनी स्वतः निवडलेलं असतं, तिथं सरकारची सक्ती चालत नाही. कपाशीच्या वावरात काड्यांची यानं झाली, केळीच्या पानाचा देठ म्हणजे बंदूक झाली, विहिरीवरची मोटर म्हणजे इंजिन रूम. ज्या वर्षी आमच्या शाळेत एकही कॉम्प्युटर नव्हता त्या वर्षी इंद्रधनुष मालिकेत पोरं घरी कॉम्प्युटर जोडत होती आणि काळात मागे-पुढे जात होती, आणि वर्गातल्या एकाने ते बघून रेडिओ उघडला तो परत बंदच केला नाही, आज त्याचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. एकाच माणसाचं उदाहरण आहे, त्यातून मी काही सिद्ध करत नाही. पण मोठं उदाहरण हवं असेल तर तेही आहे. स्टार ट्रेकमध्ये उहुरा नावाची काळी बाई अधिकारी होती, ते काम करणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडायला निघाल्या तेव्हा काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबवलं, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. आणि १९९२ ला अंतराळात गेलेली पहिली काळी अमेरिकन स्त्री, मे जेमिसन, त्यांनी सांगितलं की लहानपणी त्या उहुराकडे बघत होत्या. किंग यांना त्या वेळी रस्त्यावरची लढाई कमी होती का? तरी टीव्हीवरच्या एका यानात कोण बसलंय हे त्यांना महत्त्वाचं वाटलं. कारण उद्याच्या जगात आपण दिसतो की नाही, हे आज ठरत असतं.

आणि आता ती गोष्ट, जी आमच्या आठवणीवाल्या गटाला ऐकायला आवडत नाही. गावाने एकत्र बसून बघितलं असं मी वर लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. आबांच्या घरात सगळी पोरं आत बसत नव्हती. खालच्या आळीतली पोरं अंगणात, दाराच्या चौकटीतून जेवढं दिसेल तेवढं. मुलींना त्या वेळी पाणी भरायचं असायचं, भाकरीचं बघायचं असायचं. गेट-टुगेदरला आमच्या वर्गातली एक मैत्रीण म्हणाली की तिने स्पेस सिटी सिग्मा कधी नीट बघितलीच नाही, खिडकीच्या खाली भांडी घासताना ऐकली. सगळे गप्प झाले. म्हणजे सोनेरी काळ वगैरे जे म्हणतात त्यांनी हे विसरू नये, कुणाला काय दिसलं हे घर कोणाचं आणि जात कोणती ह्यावर ठरत होतं. पण ह्यावरून निष्कर्ष काय काढायचा? की ती वस्तूच फालतू होती? पाणवठ्यावर भेदभाव होता म्हणून पाणी वाईट म्हणत नाही आपण, पाणवठा सगळ्यांना खुला करा म्हणतो. आज तो खुला झालाय का? चौकट तीच आहे, फक्त दाराच्या जागी महिन्याचं सबस्क्रिप्शन आलं, वायफाय आलं, आणि भाषा आली. ज्या पोराच्या घरी एकच फोन आहे आणि तो बापासोबत दिवसभर वावरात किंवा रिक्षात असतो, ते पोरगं आजही अंगणातच बसलंय.

तिसरा मुद्दा आयटीवाल्या मित्राचा, की आता खरंखुरं विज्ञान डोळ्यांसमोर आहे, चांद्रयान उतरताना लाईव्ह बघितलं, मग काल्पनिक यानांचं कौतुक कशाला. २३ ऑगस्ट २०२३ ची ती संध्याकाळ मलाही आठवते, यूट्यूबवर ऐंशी लाखांवर लोक एकाच क्षणी बघत होते, आमच्याकडे शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला होता आणि शेवटच्या मिनिटाला कुणी श्वास घेत नव्हतं. पण हा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे ना. एकत्र बसून आकाशाकडे बघायची भूक मेलेली नाही हेच त्यातून दिसलं. बातमी सांगते काय घडलं. आपण तिथं गेल्यावर आपलं काय होईल, कोण मागे राहील, कोण कुणाला विसरेल, हे बातमी सांगत नाही, त्याला गोष्टच लागते. आपल्याच भागातलं बघा. चाळीसगावजवळ पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला त्याचा. त्या भास्कराचार्यांनी गणित शिकवलं कसं? नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसलाय, सत्तावीस हातांवरून साप खांबाच्या बुडाशी असलेल्या बिळाकडे येतोय, मोराने झेप घेतली, दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडली? उत्तर बारा. सरळ सूत्र सांगता आलं असतं त्यांना, पण मोर आणि साप आणले, कारण पोराच्या डोक्यात मोर आधी शिरतो आणि सूत्र त्याच्या पिसाऱ्याला धरून मागून येतं. आठशे वर्षं त्यांच्या ग्रंथांच्या मठाची साक्ष आपल्या शेजारी दगडावर कोरलेली आहे आणि आपण म्हणतो विज्ञान असल्यावर गोष्टीची काय गरज.

आणि जे म्हणतात आजचं सगळं भंगार, त्यांच्याशी पण माझं भांडण आहे, जरा जास्तच आहे, कारण ते माझ्या बाजूचे असून केस बिघडवतात. आजच्या मालिका भंगार नाहीत. डार्क बघा, २०१७ ते २०२० मधली, जर्मन मालिका, छोटं गाव, गावाशेजारी अणुवीज केंद्र, जंगलात गुहा, एक पोरगा हरवतो आणि काळाची गाठ सुटता सुटत नाही. अख्ख्या जगाने बघितली ती. त्यांनी इंग्रजीत बनवली नाही, न्यूयॉर्कमध्ये घडवली नाही, आपल्या भाषेत आपल्या गावात घडवली. मी ती बघताना सारखा विचार करत होतो की छोटं गाव, वीज केंद्र आणि गुहा, हे तर आपल्याकडे आहे! भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या आहेत, जळगावहून दोन तासांच्या आत अजिंठ्याच्या लेण्या आहेत, रात्रभर रेल्वेचे आवाज आहेत, तापी आहे. कथेला अजून काय पाहिजे? मे महिन्यात पंचेचाळीस अंशाला तापणारं गाव पन्नास वर्षांनी कसं असेल ह्याची मालिका आम्हाला सांगायला जपानी माणूस येणार आहे का? साक्रीकडे सोलरचे पट्टे पसरलेत, ब्राह्मणवेलला डोंगरावर पवनचक्क्या फिरतात, केळीवर रोग आला की बागा उपटाव्या लागतात, पोरं कामासाठी सुरतेला जातात. ह्यातलं एकेक म्हणजे एकेक एपिसोड आहे. आणि लिहिणारे नाहीत असंही म्हणता येणार नाही, मराठीत विज्ञानकथेची परंपरा हिंदीपेक्षा कमी नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीच्या हस्ताक्षरात पाठवली, आणि बक्षीस मिळवलं. त्याला अर्धशतक झालं. एवढ्या कथा पुस्तकांत पडून आहेत आणि मराठी चॅनलला सासू, सून आणि वाडा ह्यापलीकडे जायचं म्हटलं की हात आखडतो. प्रेक्षक नाही म्हणतात. प्रेक्षक कधी विचारला होता? मोठ्या मायला कुणी विचारलं होतं का की तुला लोखंडी माणूस बघायचाय का?

राहिला प्रश्न जुन्याचं काय करायचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने रामायण, महाभारत, शक्तिमान पुन्हा लावलं आणि घराघरांत तीन पिढ्या एकत्र बसल्या, २०२४ मध्ये प्रसार भारतीने वेव्हज् नावाचं ॲप पण काढलं. चांगलं केलं. तसंच ह्यातल्या आपल्या मालिकांचं करावं, एकूण एक भाग, नीट साफ करून, सगळ्यांना फुकट. हे लोकांच्या चॅनलवर दाखवलेलं आहे, ते लोकांना बघता आलं पाहिजे. टेप किती सहज जातात ते बीबीसीला विचारा. त्यांनी साठ-सत्तरच्या दशकात डॉक्टर हूच्या टेप पुसून त्यावर दुसरं रेकॉर्ड केलं, शंभराच्या आसपास भाग गेले. चित्र गेलं पण आवाज एकूण एक भागाचा शिल्लक आहे, का, तर घरोघरी काही पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून ठेवला होता. मोठ्या संस्थेला जे सांभाळता आलं नाही ते प्रेक्षकांच्या वेडाने सांभाळलं. धुळ्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव फिरून माळ्यावरचे, वाळवी लागलेले, रद्दीत जायच्या बेतातले कागद गोळा करत होते तेव्हा लोकांना ते वेडेच वाटत असणार, घरातल्या जुन्या चिठ्ठ्या-चपाट्यांना कोण इतिहास म्हणतो? त्यातून बावीस खंड उभे राहिले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आज धुळ्यात आहे. जी पिढी आबांच्या घरात टीव्ही बघत होती ती आता पन्नाशीकडे चालली, काही जण गेलेही. त्यांना जे आठवतंय ते आत्ता लिहून घेतलं नाही तर कधी घेणार?

म्हणून त्या दिवशी भांडण मिटलं नाही तरी एक काम सुरू झालं. एक दोनशे पानी वही केली, ज्याला जे आठवेल ते त्याने लिहायचं, मालिकेचं नाव, कुठं बघितली, कुणाच्या घरी, कोण आत बसलं होतं कोण बाहेर, काय कळलं, काय नाही कळलं, नंतर काय खेळलो. जायंट रोबोटच्या शेवटच्या भागावर चार जणांनी लिहिलंय, रोबोट त्या पोराचं न ऐकता शत्रूला उचलून आकाशात जातो आणि स्वतःला संपवतो, पोरगा खालून घड्याळात ओरडत राहतो परत ये, परत ये. चौघांनीही लिहिलंय की घरी जाऊन जेवलो नाही. मोठ्या मायचे दोन्ही प्रश्न मी पहिल्याच पानावर लिहिले, अहिराणीतच. कॉलेजची पोरं आधी हसत होती, आता त्यातली एक मुलगी वहीचे फोटो काढून टाइप करतेय. एक गोष्ट मात्र कुणालाच जमत नव्हती, स्पेस सिटी सिग्माची सुरुवातीची धून. यान सगळ्यांना आठवतं, कपडे आठवतात, झखाकू तर आठवतोच, पण धून कुणालाच येईना, दोन-तीन जणांनी प्रयत्न केला आणि ती भलतीकडेच गेली. परवा त्या मैत्रिणीचा मेसेज आला, खिडकीखाली भांडी घासणाऱ्या. तिने फोनवर गुणगुणून पाठवली, एकदम पहिल्यापासून शेवटपर्यंत.